खडीखालची वाट

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद आणि रतनवाडी अशी जी वाट फिरते, तिच्यावर थंडीच्या दिवसांत पहाटेच्या वेळी अलीकडे एक नवा वाटसरू दिसू लागला आहे. त्याच्या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर मात्र चांगले दीड इंच रुंद, खाचांचे आणि कमी हवेचे असतात. त्याला डांबर नको असते, मोटारी तर त्याहून नको असतात, आणि जिथे इतर प्रवासी रस्ता संपला म्हणून मागे वळतात तिथून त्याचा प्रवास सुरू होतो. युरोप-अमेरिकेत या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. आपल्याला त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. ग्रॅव्हल म्हणजे खडी, आणि खडी या शब्दाइतका अहिल्यानगर जिल्ह्याच्या हाडामांसात रुतलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल.

हा छंद टिकेल की चार हिवाळ्यांत ओसरेल, याची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती त्याच्या चाकांखालच्या वाटांची. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, पायवाट, घाटवाट अशा नावांनी ओळखले जाणारे हे जाळे या जिल्ह्यातील कोणत्याही देवळाहून, गढीहून वा किल्ल्याहून जुने असे सार्वजनिक धन आहे. प्रत्येक राजवटीने आपला मोठा रस्ता बांधताना त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तरीही ते राहिले, कारण कोणाची तरी पावले, कोणाची तरी चाके त्याच्यावरून रोज जात होती. वाटेला वाटसरूखेरीज दुसरा राखणदार नसतो, हे या भूमीने अनेकदा शिकवलेले आणि प्रत्येक पिढीने विसरलेले सत्य आहे.

भूगोलापासून सुरुवात करणे भाग आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिम टोकाला १६४६ मीटरांचे कळसूबाईचे शिखर आणि पावसाने झोडपलेले घाटघर; पूर्वेला कर्जत-जामखेडचे अवर्षणग्रस्त माळ; आणि मध्ये सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे उतरत गेलेल्या डोंगररांगा, ज्यांच्या कुशीत पारनेरचे पठार, डोंगरगण-मांजरसुंब्याचे कडे आणि नाथपंथीयांनी पवित्र मानलेला गर्भगिरी आहे. नदीखोऱ्यांत काळी माती, वर माळावर मुरूम, हा इथल्या वाटांचा मूळ नियम. पावसाळ्यात काळीतून चाक निघत नाही, मुरमावर ते वर्षभर धावते. म्हणून जुनी वाट शक्य तिथे कडेकडेने, पाणलोटाच्या कण्यावरून जाते. आजचा सायकलस्वार ज्या कोरड्या, उंच, निर्मनुष्य वाटा हुडकत असतो त्या हजारो बैलांच्या खुरांनी आधीच निवडून ठेवलेल्या आहेत.

चाकाची गोष्ट इथे प्रवरेच्या काठावर सुरू होते. श्रीरामपूर तालुक्यातील दैमाबाद येथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला जमिनीत चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. रथाला भरीव चाके आहेत, त्यावर एक माणूस उभा आहे आणि दांडीवर एक कुत्रा. या वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या त्यांच्या मते हा रथ सुमारे चार हजार वर्षांचा ठरतो. काळ कोणताही धरा, त्या कारागिराच्या नजरेसमोर चाक होते, बैल होते आणि त्या दोहोंना पेलणारी जमीन होती. चाक लागले की चाकोरी पडते. आज आपण ‘चाकोरीबद्ध’ हा शब्द कंटाळवाण्या जगण्यासाठी वापरतो, पण चाकोरी म्हणजे आपल्याआधी कोणीतरी इथून सुखरूप गेले आहे याची जमिनीवर उमटलेली ग्वाही, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आपण हरवून बसलो आहोत.

सातवाहनांच्या काळात पैठण ही राजधानी आणि कल्याण-सोपारा ही बंदरे यांना जोडणारा व्यापार नाणेघाटातून चढून जुन्नरला येत असे आणि तिथून पूर्वेकडे गोदावरीच्या खोऱ्यात जात असे. नाणेघाट आजच्या पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर, पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. पण मधला बराचसा मुलूख आपला. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा घाटमाथ्यावरचा दगडी रांजण सर्वांना ठाऊक असतो. ज्या माळांवरून तांडे पुढे गेले त्यांची मात्र कोणी आठवण ठेवलेली नाही. त्या दिशेच्या वाटेवर पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेले शैव लेणे आहे, त्यात सप्तमातृकांचा पट आहे. लेणी निर्जन जागी कोरली गेली, असा आपला एक सोयीचा समज आहे. वास्तविक बहुतेक लेणी वाटेवर कोरली गेली, कारण दाताही वाटेनेच येत होता आणि भिक्षाही. रतनवाडीचा अमृतेश्वर, टाहाकारीचे जगदंबेचे देऊळ, अकोल्याचा सिद्धेश्वर, भीमेच्या काठी पेडगावचे लक्ष्मीनारायण मंदिर ही मध्ययुगीन देवळे आज एका नकाशावर मांडली, तर ती विखुरलेली न दिसता एखाद्या जुन्या मार्गजाळ्याच्या गाठींसारखी दिसतात. दोरा तुटला, गाठी राहिल्या.

त्याच मुलखातून तेराव्या शतकाच्या अखेरीस चार भावंडे चालत गेली. शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणला, तिथून नेवाशाला आणि पुन्हा आळंदीकडे असा त्यांचा मार्ग परंपरेने सांगितला आहे. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आणि ज्या रेड्याच्या मुखी वेद वदवले त्याची समाधी परतीच्या वाटेवर जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखवली जाते. मराठी भाषेतील सर्वांत मोठा ग्रंथ एका पायी प्रवासाच्या मुक्कामात उभा राहिला, ही गोष्ट आपण भक्तिभावाने सांगतो. त्या प्रवासाची वाट कोणत्या शिवारांतून गेली असेल, याचा मात्र आपल्याला कधी प्रश्न पडत नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आजही हा जिल्हा उत्तर-दक्षिण ओलांडून पंढरपूरला जाते. वारीने वाट जिवंत ठेवली, असे आपण म्हणतो ते खरे आहे, पण तिच्या मार्गातही आता हमरस्त्याचे टप्पे येतात आणि दिंडी चालते ती मालट्रकांच्या बाजूने, जीव मुठीत धरून.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने सीना नदीकाठी शहर वसवले आणि जिल्ह्याला पहिल्यांदा एक केंद्र मिळाले. केंद्र आले की रस्त्यांचे स्वरूप बदलते. आधी गाव गावाला जोडलेले असते, नंतर प्रत्येक गाव राजधानीला जोडले जाते आणि आडव्या वाटा ओस पडू लागतात. या प्रक्रियेची ही पहिली आवृत्ती होती. पुढे ती बऱ्याचदा झाली. निजामशाहीचा शेवटचा कर्तबगार पुरुष मलिक अंबर याला मात्र आडवाटेचे मोल पुरते कळले होते. १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा नगरजवळ भातवडीला आल्या तेव्हा त्याने तिथल्या तलावाचे पाणी त्यांच्या छावणीच्या अंगावर सोडले, काळ्या रानाचा चिखल झाला आणि जड तोफखान्याची, सामानाची, हत्तींची ती अवाढव्य सेना जागच्या जागी रुतली. हलक्या घोड्यांवरचे, वाटा तळहाताच्या रेषांसारख्या जाणणारे दक्षिणी स्वार तिच्याभोवती फिरत राहिले. शहाजीराजे त्या लढाईत अंबराच्या बाजूने होते. पुढच्या पिढीने याच विद्येचे काय केले ते सांगायला नको.

आणि तरी औरंगजेबाने भातवडीतून काही घेतले नाही. पाव शतकाहून अधिक काळ दख्खनच्या चिखलातून एक चालते-बोलते शहर तो ओढत राहिला आणि १७०७ मध्ये नगरच्याच भिंगारला त्याचा शेवट झाला. सम्राटाच्या मोठ्या रस्त्याला दख्खनच्या पायवाटेने दिलेले इतके स्पष्ट उत्तर इतिहासात फारसे नाही.

याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात १७९५ साली जे घडले ते मला नेहमी थांबवून विचार करायला लावते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये खर्ड्याच्या मैदानावर पेशव्यांच्या झेंड्याखाली मराठी सरदार शेवटचे एकत्र आले आणि त्यांनी निजामाचा पराभव केला. त्या विजयासाठी किती रस्ते तुडवले गेले, किती उभी पिके फौजेच्या पायांखाली गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, तिथून फार दूर महेश्वरी, त्याच तालुक्यातील चौंडी गावात १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर निवर्तल्या. त्यांनी देशभर बांधलेल्या घाटांची, बारवांची, विहिरींची, धर्मशाळांची यादी मोठी आहे. त्या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की ही सारी बांधकामे वाटसरूसाठी आहेत: पायी चालणारा थकेल कुठे, पाणी पिईल कुठे, रात्र काढील कुठे, याचा विचार करून केलेली. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव दिले गेले. नावाबरोबर ती दृष्टी आली का, हे तपासण्याची जागा म्हणजे गावाबाहेरची पाणंद.

इंग्रज आले तेही बैलांच्या पाठीवरून. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला; त्याच्या पत्रव्यवहारात बैल आणि दाणागोटा यांचा विषय पुन:पुन्हा येतो, कारण त्या काळी सैन्याचे पोट वंजारी-लमाणांच्या तांड्यांवर अवलंबून होते. कोकणातून मीठ वर आणणारे आणि देशावरचे धान्य खाली नेणारे हे तांडे सह्याद्रीच्या घाटवाटांचे खरे धनी. पाचनई, कुमशेत, घाटघर या गावांच्या माथ्यांवरून खाली उतरणाऱ्या वाटा आज गिर्यारोहक दोर बांधून उतरतात. तिथून एके काळी लादलेले बैल जात. याच अकोल्याच्या डोंगरांत देवगावचा राघोजी भांगरे इंग्रजांना वर्षानुवर्षे चुकवत राहिला आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. ज्या प्रदेशावर हुकूमत गाजवायची तिथली वाट आधी कागदावर आणावी लागते, हे कंपनी सरकारला पक्के ठाऊक होते. विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या जमीनपाहणीची पद्धत इंदापुरापासून सुरू होऊन दख्खनभर पसरली आणि गावोगावच्या नकाशांवर शेते, बांध, ओढे यांच्याबरोबर वाटाही उतरल्या. आजही गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवला जातो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेचा, सव्वाआठ फुटांचा. महसूल वाढवण्यासाठी झालेल्या त्या खटाटोपातून आपल्या हाती नकळत एक फार मोठा ठेवा आला आहे: गावाच्या सामाईक वाटांची सनद.

आणि मग खडी आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला तेव्हा सरकारने उपाशी माणसांना कामावर लावले ते मुख्यतः रस्ते, तलाव आणि रेल्वेचे भराव यांवर. सर रिचर्ड टेंपलच्या हिशेबाने मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा मानला गेला. त्यावर लोकांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. १८८४ चे नगरचे गॅझेटियर वाचताना जाणवते की एक जग मावळत असल्याची नोंद तिथे होते आहे: लोहमार्ग आला, तांडे ओसरले, घाटमाथ्यावरची गावे व्यापाराच्या वाटेवरून बाजूला पडली. ज्यांनी उपाशीपोटी दगड फोडून नवा रस्ता केला, त्यांच्याच शेजारचा जुना रस्ता त्यामुळे संपला.

सायकल या इतिहासात उशिरा आणि नम्रपणे येते. १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले आणि १९२८ मध्ये त्यांच्यातले तिघे ती प्रदक्षिणा पुरी करून परतले, तेव्हा तो पराक्रम होता. नगरच्या खेड्यांत ती आली ती शिक्षकाची, पोस्टमनची, तलाठ्याची आणि कॅरेजला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवलेल्या दूधवाल्याची गाडी म्हणून. तालुक्याच्या गावी तासावर भाड्याने सायकल मिळे, आणि ज्याने ती एकदा घेतली त्याला पंचक्रोशीचा परीघ अचानक दुप्पट झाल्यासारखा वाटे. तिला वेगळा रस्ता लागत नव्हता. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधला जो गवताळ कणा असतो, किंवा चाकोरीतलीच जी दाबलेली गुळगुळीत पट्टी, तिच्यावरून ती जात असे. लोखंडी धाव बसवलेले लाकडी चाक आणि हवेचे रबरी टायर कित्येक दशके एकाच वाटेवर नांदले. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, उसाच्या गाड्या वाढल्या, लाकडी चाकांच्या जागी टायरगाडी आली, तरी हे सहजीवन मोडले नाही.

मोडले ते १९७२ च्या आसपास, आणि त्या एका वर्षात दोन गोष्टी अशा जुळून आल्या की त्यांना योगायोग म्हणून सोडून द्यायला मन धजत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रावर शतकातला भीषण दुष्काळ आला आणि जिल्ह्यातील गावेच्या गावे पुन्हा खडी फोडायला बसली. हातात घण, डोक्यावर पाटी, जेवणाच्या वेळी वाटली जाणारी सुकडी. त्या खडीचे ढीग मोजून मजुरी. वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा पाठपुरावा केला ती रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्याने आणि १९७९ च्या अंमलबजावणीने या राज्याचे वैशिष्ट्य ठरली, तिच्या पायाशी हा दुष्काळ आहे. अनेक रस्ते कामापुरते सुरू झाले आणि पाऊस आल्यावर थांबले. आजही पारनेर, पाथर्डी, कर्जतच्या माळांवर असे रस्ते भेटतात, जे एका टेकडीपर्यंत व्यवस्थित जातात आणि तिथे संपतात. त्याच १९७२ मध्ये लूना ही मोपेड रस्त्यावर आली. ती बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनीअरिंगचा कारखाना नगरचाच. ज्यांनी पायडल मारत आयुष्य काढले त्यांना पायडल मारल्यावर पुढे स्वतःच पळणारी गाडी मिळाली, हा त्यांच्या कष्टांना मिळालेला न्याय होता आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तिच्यामागे मोटारसायकल आली, मोटारसायकलीमागे डांबर, आणि डांबरामागे हा समज आला की ज्या वाटेवर डांबर नाही ती वाट म्हणजे अजून न झालेला रस्ता.

या समजाने गेल्या पन्नास वर्षांत आपल्या वाटा तीन तऱ्हांनी खाल्ल्या. जी वाट कोणाच्या रोजच्या कामाची उरली नाही तिच्यावर वेड्या बाभळी माजल्या. जिच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे भाव वाढले तिच्यात दरवर्षी नांगराचे एक तास जास्त शिरले आणि बांध हळूहळू सरकत गेला. आणि जिला चांगले दिवस आले ती इतकी रुंद, इतकी गुळगुळीत झाली की तिच्यावरून चालणाऱ्याला आता कडेची गटारवजा पट्टीच उरली. कोपरगाव तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्प्यापासून खुला झाला. त्यावर दुचाकीला मुळी प्रवेशच नाही. तो तसाच असणे सुरक्षेसाठी योग्य आहे. पण दैमाबादच्या रथापासून चाक ओळखणाऱ्या या खोऱ्यात बैलगाडी, सायकल आणि माणूस या तिघांनाही मज्जाव असलेला रस्ता हाच सर्वांत श्रेष्ठ रस्ता मानला जातो, हे वळण किती मोठे आहे याची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे.

दुसरीकडे असे वळण आले तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. इटलीत तोस्काना प्रांताच्या टेकड्यांमधून, मध्ययुगीन गावे आणि द्राक्षमळे जोडत पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. डांबर पडून ते एकेक करून नाहीसे होत चालले, तेव्हा १९९७ मध्ये जानकार्लो ब्रोची यांनी गायोले या गावातून जुन्या सायकलींची एक यात्रा सुरू केली. हे रस्ते वाचावेत हा त्यामागचा उघड हेतू होता. २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर सिएना शहरात संपणारी व्यावसायिक शर्यत सुरू झाली आणि आज खडी हीच त्या प्रदेशाची प्रतिष्ठा आहे. इंग्लंडने आणखी आधी, १९४९ च्या कायद्याने, स्थानिक प्रशासनांवर पायवाटांचे निर्णायक नकाशे करण्याचे बंधन घातले. कष्टाने जपलेली वाट हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असे त्या समाजांना वाटले नाही.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच टोचतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिक होईल. ज्याचा ऊस पावसात पाणंदीत अडकून वाळतो, ज्याच्या घरातल्या बाळंतिणीला खाटेवरून हमरस्त्यापर्यंत आणावे लागते, त्याला शहरातून महागडी सायकल घेऊन आलेल्या माणसाने ‘तुमची खडी किती सुंदर आहे’ असे सांगणे हा अन्याय आहे. हा आक्षेप पूर्ण मान्य करूनच पुढे जाता येते. वस्तीला जोडणारा रस्ता पक्का झालाच पाहिजे. रुग्णवाहिका तिथे बारमाही पोचली पाहिजे. पण शेताच्या वाटेला शेतकऱ्याची खरी मागणी असते ती बहुधा मोकळ्या रुंदीची, दाबलेल्या मुरमाची आणि दोन्ही बाजूंच्या चरांची, म्हणजे पाणी न साठणाऱ्या खडीच्या रस्त्याची. शेतकऱ्याची गरज आणि सायकलस्वाराची आवड इथे एकाच साडेसोळा फुटांत मावते. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या पाचव्या कलमाखाली वाटेतला अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून वाट देते. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने शेत-पाणंद रस्त्यांसाठी रोजगार हमीतून पैशाची सोय केली. साधने अपुरी नाहीत. अडते ते भाऊबंदकीत, बांधावरच्या अबोल्यात, आणि वाट सगळ्यांची असल्यामुळे तिच्यासाठी भांडायला कोणीच पुढे येत नाही यात.

म्हणून हा नवा वाटसरू मला आशेचा वाटतो. वाटेला वापर हवा असतो आणि तो वापर घेऊन येतो आहे. धूर नाही, कर्णा नाही, सोबत पाण्याची बाटली आणि सराट्याच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान. करंजी घाटाच्या वरून वृद्धेश्वराकडे आणि तिथून मढीकडे, टाकळी ढोकेश्वरहून पठारावरून महादजी शिंद्यांच्या वाड्याच्या जामगावाकडे, पेडगावच्या कोटाबाहेरून भीमेच्या कडेकडेने, असे मार्ग गावनकाशांच्या आधाराने आखता येतील. त्यांवर मोटारी न येऊ देण्याचा ठराव ग्रामसभांना करता येईल. मुक्काम, भाकरी, पाणी यांचे उत्पन्न त्या गावातच राहील. पण त्यासाठी आधी भंडारदऱ्याच्याच काजव्यांचा धडा आठवावा लागेल. मे-जूनच्या रात्री झाडे लखलखतात, हे ऐकून लोक मोटारींचे तांडे घेऊन आले. दिव्यांच्या झोतांत काजवे दिसेनासे झाले, चाकांखाली आणि पायांखाली गेले, अभयारण्यात मध्यरात्री वाहतूक कोंडू लागली, आणि वनखात्याला निर्बंध घालावे लागले. जे पाहायला गर्दी आली तेच गर्दीने विझवले. शांत वाटेची जाहिरात करतानाही हेच घडू शकते, आणि रतनवाडीच्या अमृतेश्वरासमोरचे वाहनतळ पाहिले की ते घडायला सुरुवात झाली आहे असे म्हणावे लागते. सायकलस्वाराने टाहाकारीला जावे ते पाहुणा म्हणून, गावाच्या गाडीला वाट देत, शेळ्यांच्या कळपासाठी थांबत, आणि आपली मोटार मागे तालुक्याच्या गावी ठेवून.

बहात्तरच्या साली खडी फोडलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. माळावरचा अर्धवट राहिलेला रस्ता कोणत्या टेकडीशी थांबला आणि तिथून जुनी गाडीवाट पुढे कुठे उतरत होती, हे त्यांना तोंडपाठ आहे. कागदावरची तुटक रेष जमिनीवर शोधायची तर नकाशा घेऊन त्यांच्या ओट्यावर जावे लागेल, आणि ते याच काही वर्षांत शक्य आहे. पठारावर अशा कित्येक वाटा आहेत, ज्यांच्या सव्वाआठ फुटांपैकी जेमतेम दीड फूट उरला आहे. एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला तारेचे कुंपण, मध्ये पांढुरका मुरूम. त्यावर शाळेला जाणाऱ्या पोरीच्या सायकलीचा बारीक माग आहे, आणि शेजारी हल्ली एक रुंद, खाचांचा माग.